येऊ घातलेले नियम आणि वृद्धाश्रम : चालकांची प्रश्नोत्तरे

गेल्या काही महिन्यांत गोव्यातील वृद्धाश्रमांचे विश्वस्त, खासगी चालक आणि व्यवस्थापक यांच्याकडून आलेल्या प्रश्नांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. नवा कायदा आला आहे, येणार आहे की केवळ हूल उठली आहे, हे कोणालाच नीट ठाऊक नसते आणि ते कळेपर्यंत काहीच करायचे नाही असे मात्र बहुतेकांनी ठरवून टाकलेले असते. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. आपल्या संस्थेची कागदपत्रे पाहिल्याशिवाय कोणीही, मीसुद्धा, शेवटचा शब्द देऊ शकत नाही.

प्रश्न : 2019 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक वृद्धाश्रमाची नोंदणी सक्तीची झाली असून नोंदणी नसल्यास दंड होणार, असा संदेश आमच्या गटात फिरत आहे. हे खरे आहे काय? (विश्वस्त, म्हापसा)

उत्तर : असा 2019 चा कायदाच नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीचा कायदा 2007 चा आहे. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. परंतु ते संमत झाले नाही आणि 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा व्यपगत झाले, म्हणजे आपोआप निकालात निघाले. निवासगृहांची आणि घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांची नोंदणी, तसेच त्यांच्यासाठी किमान दर्जा, या तरतुदी त्या विधेयकात होत्या. विधेयक गेले म्हणून कल्पनाही गेली असे समजू नये, कारण वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार मूळ कायद्याच्या कलम 19 ने राज्य शासनाला आधीच दिलेला आहे. आपल्या संस्थेला आज नेमके काय लागू आहे, हे पणजीच्या समाजकल्याण संचालनालयाला संस्थेच्या नावे लेखी विचारावे, अर्जाची पोच घ्यावी आणि येणारे उत्तर जपून ठेवावे. गटातल्या संदेशाला पोच नसते.

प्रश्न : एक सल्लागार ‘तपासणीसाठी तयार’ अशी संपूर्ण फाईल देऊ करतात. तीत नोंदवह्या, धोरणे आणि कर्मचाऱ्यांची प्रशिक्षण प्रमाणपत्रे सर्व काही आहे. ती घ्यावी काय? (व्यवस्थापिका, फोंडा)

उत्तर : घेऊ नये. अशा फायली मी पाहिल्या आहेत. एकीतील आपत्ती योजनेत हिमवर्षाव झाल्यास रहिवाशांना उबदार खोलीत हलवावे असे छापलेले होते, आणि तो आश्रम सासष्टीतला होता! जे प्रशिक्षण झालेच नाही त्याचे प्रमाणपत्र ही तयारी नव्हे, ती बनवेगिरी आहे, आणि उद्या एखादा अपघात झाला तर तोच कागद आपल्या विरुद्ध उभा राहील. एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली वर्षभराची नोंदवही अनुभवी तपासनीस पहिल्या दोन पानांतच ओळखतो. त्यापेक्षा चार साध्या गोष्टी रोजच्या रोज लिहाव्यात : कोणाला कोणते औषध कोणी आणि किती वाजता दिले, कोण घसरले वा पडले, रात्रीची फेरी कोणी मारली, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाचे वजन. वजनाची नोंद अनेकांना फालतू वाटते. पण सलग तीन महिने उतरत गेलेले वजन दाताचे दुखणे, गिळण्याचा त्रास किंवा जेवण भरवायला माणूस नसणे यांपैकी काहीतरी सांगत असते. खाडाखोड झालेली, हळदीचे डाग पडलेली खरी वही मला चालते.

प्रश्न : आमच्या रहिवाशांकडून घेतल्या जाणाऱ्या मासिक शुल्कावर जीएसटी लागतो काय? (पर्वरी)

उत्तर : संस्था आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल, रहिवासी 60 वर्षे वा त्याहून अधिक वयाचा असेल आणि निवास, भोजन व देखभाल धरून शुल्क दरमहा माणशी 25,000 रुपयांपर्यंत असेल, तर सूट आहे. यांपैकी एकही अट सुटत असेल तर आपल्या सनदी लेखापालांना विचारावे.

प्रश्न : आमच्याकडे 22 रहिवासी आहेत. स्मृतिभ्रंश झालेले दोघे रात्री बाहेर निघून जातात, म्हणून साडेनऊला ग्रीलला कुलूप लावतो. किल्ली रखवालदाराकडे असते. एक आजी सारख्या उठतात, त्यांना घरच्यांच्या लेखी संमतीने जुन्या साडीने पलंगाला सैलसर बांधतो. नव्या नियमांत याला परवानगी राहील काय? (चालक, डिचोली तालुका)

उत्तर : आपण परवानगी राहील काय असे विचारता, ती आज आहे असे आपल्याला कोणी सांगितले? येथे नव्या नियमांची वाट पाहण्यासारखे काहीही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम कुलूप. दोघांसाठी आपण 22 जणांना कोंडता. एखाद्याला अन्यायाने डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे आणि ‘त्यांच्या भल्यासाठी’ या उत्तराने तो आपोआप मिटत नाही. पण कायद्याआधी आगीचा विचार करावा. आपल्याकडचे कित्येक आश्रम जुन्या चिरेबंदी घरांत आहेत : वर मंगळुरी कौले, खाली लाकडी वासे, मधे अरुंद लाकडी जिना, आणि वारसांनी वेळोवेळी जोडत नेलेली वीजेची तार. अशा घरात ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाती मिनिटे मोजकीच असतात. त्या मिनिटांत रखवालदार फाटकावर असेल, शौचालयात असेल किंवा, स्पष्टच लिहायचे तर, झोपलेला असेल. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत 25 जणांचा जीव गेला. ती माणसे बहुतांशी धडधाकट होती. तेव्हापासून क्लबच्या दारांविषयी सर्वजण बोलतात, वृद्धाश्रमाच्या दाराविषयी मात्र मला कोणी विचारत नाही. आपण विचारलेत, म्हणून बरे वाटले.

बाहेर पडण्याचे दार आतून, किल्लीशिवाय उघडलेच पाहिजे. भटकणाऱ्या रहिवाशांसाठी दार उघडताच वाजणारी घंटा बसवावी आणि अडसर घरापासून दूर, कुंपणाच्या फाटकाला ठेवावा. मोकळ्या अंगणात पोचलेला माणूस धुरापासून तरी वाचतो. मग एका कागदावर लिहावे : रात्री स्वतः चालू शकणारे किती, एका माणसाचा आधार लागणारे किती, दोघांनी उचलावे लागणारे किती, आणि कामावर असलेले कर्मचारी किती. हे चार आकडे शेजारी शेजारी मांडले की बहुतेक चालक स्वतःच गप्प होतात. दोघांनी उचलावे लागणारे पाचजण आणि रात्रपाळीला एकटी बाई, हा हिशेब कोणत्याही नियमात बसणार नाही. न चालणाऱ्यांचे पलंग तळमजल्यावर आणावेत आणि अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाकडून जागेची पाहणी करून घ्यावी.

आता साडी. ती आजच सोडावी. सैल बांधलेला माणूस उठण्याच्या धडपडीत पलंगाच्या कडेवरून घसरतो आणि बांधलेलाच लटकतो. सैल गाठ घट्ट गाठीपेक्षा सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 97 प्रमाणे मानसिक आरोग्य आस्थापनेतही शारीरिक बंधन वापरता येते ते केवळ तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या अधिकृत आदेशाने, आणि त्याची नोंद ठेवून. घरच्यांची संमती त्या आदेशाची जागा घेऊ शकत नाही. आपला आश्रम अशी आस्थापना ठरतो की नाही, हे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला लेखी विचारावे. आणि आजी का उठतात, याचा शोध कोणी घेतला आहे काय? रात्री उठणाऱ्या वृद्धाला बहुधा लघवीला जायचे असते, तहान लागलेली असते, कुठेतरी दुखत असते किंवा सायंकाळचे एखादे औषध मानवत नसते. पलंग बुटका करावा, पायाशी मंद दिवा ठेवावा, कमोडची खुर्ची जवळ आणावी आणि त्यांना बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत दाखवून औषधे तपासून घ्यावीत. पुढच्या महिन्यात नव्हे, याच आठवड्यात.

प्रश्न : इन्सुलिनच्या सुया आणि जखमांच्या पट्ट्या पंचायतीच्या कचऱ्यात दिल्या तर चालतात काय? (काणकोण)

उत्तर : नाही. सुया जाड, न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि रक्ताने माखलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत. उरलेले जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत आहे. आपल्याला कोणते अधिकारपत्र लागेल, हे गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारावे.

प्रश्न : आम्ही धर्मादाय संस्था आहोत, जेवणाचे पैसे घेत नाही. तरीही स्वयंपाकघराला परवाना लागतो काय? (साखळी)

उत्तर : 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातील अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफ्यासाठी नसलेला उपक्रमही येतो. आपल्यासाठी साधी नोंदणी पुरते की परवाना हवा, ते अन्न व औषध प्रशासन सांगेल.

प्रश्न : एक विधुर गृहस्थ आपले घर संस्थेच्या नावे करून कायमचे राहू इच्छितात. त्यांचे दोन्ही मुलगे परदेशी आहेत. नव्या नियमांपूर्वी हा व्यवहार उरकावा, असे काही विश्वस्तांचे मत आहे. (मडगाव)

उत्तर : ‘उरकावा’ या शब्दानेच मी सावध झालो. गोव्यातील वारसा कायद्याप्रमाणे अपत्ये असताना मालमत्तेचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. तो मृत्युपत्राने किंवा दानाने दुसरीकडे वळवता येत नाही. पत्नीच्या निधनानंतर तिच्या हिश्शाची वाटणी झाली आहे काय, हा त्याआधीचा प्रश्न. शिवाय देखभालीच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने दिलेली मालमत्ता, देखभाल झाली नाही तर 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली परत मागता येते. प्रवेश आणि मालमत्ता यांचा संबंध जोडू नये. त्यांना इतर सर्वांप्रमाणे मासिक शुल्कावर ठेवावे. दान द्यायचेच असेल तर त्यांनी, संस्थेचा नसलेला, स्वतःचा वकील करावा.

प्रश्न : नियम प्रसिद्ध झाल्यावर पूर्ततेसाठी किती मुदत मिळते? (पेडणे)

उत्तर : ते नियम प्रसिद्ध होतील तेव्हा त्यांतच लिहिलेले असेल. वरच्या मजल्यावरचे पलंग खाली आणायला तोपर्यंत थांबू नये.