छंदाचे प्रश्न: माळ्यावरची विमानं जोडायची की तशीच जपायची?

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, प्लास्टिकची विमानं आणि रणगाडे जोडायचा छंद. लहानपणी सुटलेला हा छंद चाळिशी-पन्नाशीत परत धरणारे खूप जण आहेत असं पत्रांवरून दिसतंय आणि मला त्याचा मनापासून आनंद झालाय.

प्रश्न: साताऱ्यात शनिवार पेठेतलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर एक खोका सापडला. माझे मामा बोटीवर होते, ते सुट्टीवर येताना मॉडेल किट आणायचे, त्यातली तीन निघाली. एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर विमान अर्धवट जोडलेलं, एअरफिक्सचंच रेड ॲरोजचं (ब्रिटिश एअरफोर्सची कसरती करणारी टीम) लाल नॅट विमान अजिबात न उघडलेलं, आणि तामियाचा पँथर रणगाडा. नॅटचे स्टिकर पिवळे पडलेत. ते नॅट मला तेव्हा आपल्या एअरफोर्सचं करायचं होतं, राहूनच गेलं. बायको म्हणते आता या वयात खेळणी घेऊन बसणार का, मुलगा म्हणतो ऑनलाइन विकून टाका, जुन्या डब्याला पैसे येतात. काय करू? (वय ५२, सातारा)

उत्तर: जोडा. तिन्ही जोडा.

कारण सांगतो. डबा न उघडता ठेवला म्हणजे तो जपला गेला असं आपल्याला वाटतं पण आतमध्ये तसं होत नसतं. ही किट पॉलिस्टायरीनची असतात, ते प्लास्टिक नीट ठेवलं तर पन्नास वर्षंसुद्धा टिकतं, पण बाकीचं सामान टिकत नाही. पँथरचा डबा तर आजच उघडा, त्यातले रबरासारखे मऊ पट्टे असतात ना ते बाहेर काढून वेगळ्या पिशवीत घाला, कारण त्या मऊ प्लास्टिकमधलं तेलासारखं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि चिकटून असलेल्या पॉलिस्टायरीनला खातं. चाकं वितळल्यासारखी झालेली डबे उघडल्यावर दिसतात ती यामुळेच.

आणि तुम्हाला नक्की काय आठवतंय तेही बघा. डब्यावरचं चित्र आठवत असेल, एअरफिक्सची ती सुंदर चित्रं १९६४ ते १९७४ या काळात रॉय क्रॉस यांनी काढली, आणि आमच्यासारख्या कितीतरी पोरांनी विमानाच्या आधी त्या चित्रावरच जीव टाकला. मामांची वाट बघणं आठवत असेल. ते दोन्ही आता परत मिळणार नाही, विकून तर नाहीच नाही. पण दुपारभर एका पंखाची कड घासत बसायचं, ग्लू वाळेपर्यंत दोन्ही अर्धे बोटांनी धरून ठेवायचे, बाकी जगाचं भान नाही, ते आजही जसंच्या तसं मिळतं आणि त्यासाठी डबा खर्चीच घालावा लागतो. कपाटात बंद ठेवलेल्या किटमध्ये ती दुपार नसते हो.

आता नॅट. इथे थोडं मन घट्ट करा. रेड ॲरोजने १९६५ ते १९७९ जे नॅट उडवलं ते टी-१, म्हणजे दोन सीटचं ट्रेनर. आपलं नॅट एका सीटचं फायटर, ज्याच्यावर १४ डिसेंबर १९७१ ला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों श्रीनगरवर लढले आणि परमवीरचक्राचे मानकरी झाले, एअरफोर्सला आजवर मिळालेलं ते एकच परमवीरचक्र आहे. दोन्ही विमानांत फक्त सीटचा फरक नाही, टी-१ ची लांबी ९.६५ मीटर आणि सिंगल सीटची ८.७४, पंखही वेगळे. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, हा फरक सव्वा सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि एवढ्याशा विमानात तो लगेच डोळ्याला दिसतो. त्यामुळे मामांनी आणलेलं लालच ठेवा, ते विमान तसंच खरं आहे. आपल्या एअरफोर्ससाठी वेगळं किट घ्या, स्पेशल हॉबी नावाच्या चेक कंपनीने सिंगल सीट नॅट १/७२ मध्ये काढलंय.

पिवळ्या स्टिकरवर (त्याला डिकॅल म्हणतात, पाण्यात भिजवून सरकवायचे) सोपा उपाय आहे. कागद पारदर्शक पिशवीत घालून ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, उन्हाने पिवळेपणा उतरतो. काही दिवस लागतील, कधी काही आठवडे, एप्रिल-मेचं साताऱ्याचं ऊन यासाठी एकदम बेस्ट. मग लगेच भिजवायला घेऊ नका, एखादं न लागणारं चिन्ह आधी भिजवून बघा, तडकत असेल तर पूर्ण कागदावर क्लिअर व्हार्निशचा पातळ हात मारा आणि वाळल्यावर प्रत्येक चिन्ह कडेकडेने कापून वापरा.

अर्धवट स्पिटफायर तोडून परत नव्याने जोडायचा मोह होईल, तो आवरा. लहानपणीच्या तुमच्यातल्या पोराने जिथे सोडलं तिथून पुढे जोडा. पंखावर ग्लूमध्ये त्याच्या बोटाचा ठसा उमटलेला असेल तर तो मुळीच घासू नका.

राहिला वहिनींचा प्रश्न. त्यांना एवढंच विचारा की दिवाळीत वाड्यात किल्ला होतो तेव्हा माती कोण कालवतं? पोरांच्या नावाखाली बाप आणि काकाच बुरूज थापत असतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात, मावळे कुठे उभे करायचे यावर भांडतात. माती, पाणी, पहारेकरी, वाट, सगळं प्रमाणात बसवायचं, या छंदातले लोक त्याला डायोरामा म्हणतात. आपल्याकडे मोठ्या माणसाने असं काही करणं कधीच वावगं नव्हतं. वहिनींना एक ब्रश द्या हातात, पायलटचं तोंड रंगवायला फार सफाईदार हात लागतो.

प्रश्न: ऑनलाइन किटच्या किमती बघून डोळे फिरतात, बाहेरच्या देशात तेच निम्म्याला दिसतं. असं का? (कराड)

उत्तर: मुख्य कारण ड्युटी. किट खेळण्यांच्या खात्यात मोडतात आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७०. वर टॅक्स, कुरियर, दुकानदाराचा नफा. म्हणून एकच सल्ला, एका वेळी एकच किट घ्या आणि ते संपवून दुसरं. खोके साठवायची सवय या छंदात फार पटकन लागते, जोडणं मागे पडतं आणि नुसती खरेदी उरते.

प्रश्न: माझे बाबा आर्मीत सेंच्युरियन रणगाड्यावर ड्रायव्हर होते, ७१ ला पश्चिम सीमेवर होते. आता वय ७८, हात थरथरतात, फार बोलत नाहीत. तरुणपणी त्यांनी मला पुठ्ठ्याचा रणगाडा करून दिला होता. मला त्यांच्याबरोबर सेंच्युरियनचं किट जोडायचंय, मी आयुष्यात किट जोडलेलं नाही. जमेल का, आणि कुठलं घेऊ? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर: ताई, नक्की जमेल आणि वेळ न घालवता सुरू करा.

साइज १/३५ घ्या. लहान घेतलात तर बाबांना पार्ट दिसणारही नाहीत. सेंच्युरियन १/३५ मध्ये तोफ धरून फुटाच्या आसपास होतो, हातात धरल्यावर वजनदार वाटतो. हा ३५ आकडा विचित्र वाटतो ना, तर तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे या हिशोबाने त्याचा आकार ठरला आणि पुढे सगळ्या जगाने तोच धरला. तामियाचा सेंच्युरियन मार्क ३ जुनं किट आहे पण पार्ट कमी आणि जोडायला सरळ, तुमच्यासाठी तोच बरा. नवीन कंपन्यांचे जास्त बारकाव्याचे आहेत पण त्यात बारीक बारीक तुकड्यांनी जीव मेटाकुटीला येईल.

कामं वाटून घ्या. फ्रेममधून पार्ट कापणं, वॉटर पेपरने घासणं, ग्लू लावणं तुमच्याकडे. ग्लू पातळवाला घ्या, ब्रशने सांध्यावर टेकवला की आपोआप आत ओढला जातो आणि दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो, दाबून धरायचं काम मात्र बाबा करू शकतात, त्याला हात स्थिर लागत नाही. चाकं रंगवणंही त्यांच्याकडे, कोपर टेबलावर टेकवून, जाडसर ब्रशने. रंग बाहेर गेला तरी काही बिघडत नाही, रणगाड्याच्या चाकाला चिखल असतोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्यांचंच आहे, ते म्हणजे सांगणं. डब्यावरचं चित्र ब्रिटिश आर्मीचं असेल, त्यावर जाऊ नका. आपल्या रेजिमेंटमध्ये हिरवा नक्की कसा होता, गाळ कुठे साचायचा, बाहेर काय काय बांधलेलं असायचं, पाण्याचे डबे, ताडपत्री, टर्रेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) नाव लिहिलं होतं का, तोफेच्या नळीवर मध्ये फुगवटा होता की नव्हता, ड्रायव्हरचं झाकण कसं उघडायचं. असे छोटे प्रश्न विचारा. ‘युद्धाचं सांगा ना बाबा’ म्हटलं की बरेच जुने सैनिक गप्प होतात, पण ‘हा डबा कुठे लावू’ म्हटलं की बोलायला लागतात. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ ला अरुण खेत्रपाल यांनी ज्याच्यात शेवटपर्यंत लढा दिला तो रणगाडाही सेंच्युरियनच, फॅमगुस्ता त्याचं नाव. बाबांना तो उल्लेख करावासा वाटला तर ते स्वतः करतील, तुम्ही काढू नका.

किटमध्ये आणि त्यांच्या आठवणीत फरक निघाला तर त्यांचं ऐका. खूण डिकॅलच्या कागदावर नसेल तर हाताने रंगवा.

प्रवास झेपत असेल तर नगरला (आता अहिल्यानगर) आर्मीचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून, खरा सेंच्युरियन तिथे समोर उभा आहे. आर्मर्ड कोअरचं ट्रेनिंग सेंटरही नगरलाच, त्यामुळे ते गाव बाबांच्या ओळखीचं निघण्याची दाट शक्यता. मॉडेलला रंग द्यायच्या आधी जा, नंतर नको, म्हणजे ते तिथे उभे राहून तुम्हाला सांगतील आणि तुम्ही फोटो काढून घ्याल.

प्रश्न: मी मिरजेत शिक्षिका आहे. मिस्टरांचं कपाट जर्मन रणगाडे आणि विमानांनी भरलंय. माझी मुलं विचारतात, आई हे आपले का? मला काय उत्तर द्यावं कळत नाही आणि युद्धाची हौस घरात असणं बरोबर आहे का हेही कळत नाही. (मिरज)

उत्तर: तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो मिस्टरांसमोरही मांडा. जर्मन मॉडेल सगळ्यात जास्त विकली जातात, रंगसंगती वेगवेगळ्या असतात म्हणून अनेकांना आवडतात, पण नुसतं देखणं म्हणून कपाटात उभं करणं मला अपुरं वाटतं. मुलांना सरळ सांगा, नाही, हे आपले नाहीत, आपली माणसं यांच्या विरुद्ध लढली. इटलीत जर्मनांशी लढताना यशवंत घाडगे १९४४ मध्ये धारातीर्थी पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नामदेव जाधवांनी १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढलं, त्यांनाही मिळाला, दोघंही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. आणि इथे जवळच, सातारा तालुक्यातलं अपशिंगे, त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या कपाटात हे कुठेच दिसत नाही, म्हणून मुलांना प्रश्न पडतो.

प्रत्येक मॉडेलपुढे दोन ओळींचं कार्ड ठेवा, हे कोणाचं, कुठे वापरलं, समोर कोण होतं. कार्ड मुलांकडून लिहून घ्या. स्वस्तिकाचं चिन्ह लावलंच पाहिजे असं काही नाही, जर्मनीत तर कायद्यामुळे बऱ्याच डब्यांमध्ये ते देतच नाहीत. आणि पुढचं किट भारतीय असू दे, मिग-२१ घ्या, १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप घेईपर्यंत आपल्याकडे होतं. मग पुढच्या वेळी मुलं विचारतील तेव्हा हो म्हणता येईल.

प्रश्न: स्प्रेने व्हार्निश मारलं की विमानावर पांढरट धुकं येतं. डबा खराब आहे का? आणि कॉकपिटची काच पण पांढरी पडली. (मेढा)

उत्तर: जुलै-ऑगस्टमध्ये मारलं असणार. स्प्रेमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि व्हार्निशमध्ये अडकते. मेढ्याच्या पावसात तर दुसरं काही होणं अवघड. ऊन पडेल त्या दिवशी दुपारी मारा, किंवा पावसाळ्यात पाण्याचं ॲक्रिलिक व्हार्निश ब्रशने लावा, दोन पातळ हात. आलेलं धुकं कधीकधी कोरड्या दिवशी परत एक पातळ हात मारल्यावर जातं, आधी पोटाखाली करून बघा. काचेचं कारण वेगळं, तिथे तुम्ही फेविक्विकसारखा ग्लू वापरलाय, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक पांढरं होतं. काचेला साधा फेविकॉल लावा, वाळला की दिसत नाही आणि कडेने जास्त आला तर ओल्या कापसाने पुसता येतो.