फ्लोरिडाचं नर्सिंग होम ॲडमिनिस्ट्रेटर लायसन्स ठेवून पुण्याला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लोरिडाचं नर्सिंग होम (वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी लोकांचं निवासी शुश्रूषा केंद्र) ॲडमिनिस्ट्रेटरचं लायसन्स आहे, ते ३० सप्टेंबर २०२६ ला संपतंय. ऑक्टोबरअखेरपर्यंत नोकरी करून नोव्हेंबरमध्ये आईजवळ पुण्याला जायचंय, साधारण तीन वर्षांसाठी. लायसन्स तसंच सोडून द्यावं, की इनॅक्टिव्ह (तात्पुरतं निष्क्रिय) करावं? आणि परत आल्यावर ते चालू कसं करायचं?

सोडून तर अजिबात देऊ नका. आणि इनॅक्टिव्ह करायचं असलं, तरी सप्टेंबरमध्ये करू नका. हे दोन्ही का, ते सांगतो.

आधी सोडून दिल्यास काय होतं ते बघा. फ्लोरिडात हे लायसन्स दर सम वर्षी ३० सप्टेंबरला संपतं. त्या दिवसापर्यंत ॲक्टिव्ह, इनॅक्टिव्ह किंवा रिटायर्ड यातलं काहीच निवडलं नाही, तर ते डेलिंक्वेंट, म्हणजे थकीत, होतं. डेलिंक्वेंट अवस्थेला पुढच्या एका द्वैवार्षिक चक्राचीच मुदत असते. म्हणजे ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत तुम्ही स्वतः अर्ज करून, विलंबाची फी भरून ते मार्गी लावलं नाही, तर लायसन्स रद्दबातल होतं. लायसन्स देणाऱ्या बोर्डाला त्यासाठी वेगळा आदेशही काढावा लागत नाही. त्यानंतर २०२९ मध्ये तुम्ही फ्लोरिडासाठी नव्या उमेदवार ठरता: पदवी आणि अभ्यासक्रमाची तपासणी, पार्श्वभूमीनुसार १,००० किंवा २,००० तासांच्या ॲडमिनिस्ट्रेटर-इन-ट्रेनिंगचा (प्रशिक्षणार्थी म्हणून कामाचा) प्रश्न, नॅबची (लायसन्स बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेची) परीक्षा, फ्लोरिडाच्या कायद्यांची परीक्षा, सगळं पुन्हा. दोन वर्षांच्या रिन्यूअलची फी वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

आता इनॅक्टिव्हबद्दल. बहुतेकांची समजूत असते की इनॅक्टिव्ह केलं की सीईचे (सतत शिक्षणाचे) तास माफ होतात. तसं नाही, ते फक्त पुढे ढकलले जातात. फ्लोरिडाच्या कायद्यात, प्रकरण ४६८ मध्ये, रीॲक्टिव्हेशनसाठी, म्हणजे लायसन्स पुन्हा चालू करायला, बोर्ड किती तास मागू शकतं याची मर्यादा दिली आहे: इनॅक्टिव्ह असलेल्या प्रत्येक वर्षाला २० तास, आणि त्याशिवाय लायसन्स इनॅक्टिव्ह झालं त्या दिवशी रिन्यूअलसाठी लागणारे तास. ते सध्या दोन वर्षांना ४० आहेत. म्हणजे तीन वर्षं इनॅक्टिव्ह राहिलात, तर ६० आणि त्यावर ते ४०. ॲक्टिव्ह राहून दर दोन वर्षांनी ४० तास करण्याचा वेगसुद्धा वर्षाला २० असाच पडतो. एकूण काम तेवढंच, फक्त एका बाबतीत ते हप्त्याहप्त्याने होतं आणि दुसऱ्यात शेवटी एकदम अंगावर येतं. फीमध्येही फार फरक पडेल असं धरू नका. इनॅक्टिव्हची फी ॲक्टिव्हपेक्षा जास्त असू शकत नाही एवढंच कायदा सांगतो, ती नाममात्र असेल असं सांगत नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत असं आहे. सप्टेंबर २०२६ मध्ये लायसन्स ॲक्टिव्ह म्हणूनच रिन्यू करा. एक तर तुम्हाला ऑक्टोबरभर काम करायचंय, आणि इनॅक्टिव्ह लायसन्सवर एक दिवसही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करता येत नाही. सप्टेंबरअखेर इनॅक्टिव्ह निवडलंत, तर १ ऑक्टोबरपासून तुमच्या फॅसिलिटीकडे कायद्याच्या दृष्टीने ॲडमिनिस्ट्रेटरच नाही आणि तुम्ही विनापरवाना काम करताय, असा अर्थ होतो. दुसरं म्हणजे, लायसन्स ॲक्टिव्ह ठेवायला फ्लोरिडात राहणं किंवा नोकरीत असणं लागत नाही. पुण्यात बसूनही ते ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत ॲक्टिव्ह राहील. तोपर्यंत ४० तास झाले, तर पुन्हा ॲक्टिव्ह रिन्यू करा. आईच्या आजारपणात ते जमले नाहीत, तर त्या वेळी इनॅक्टिव्ह निवडा. मग २०२९ मध्ये परत येताना इनॅक्टिव्हचा काळ जेमतेम वर्षाचा असेल.

चक्राच्या मध्येच, म्हणजे निघाल्याबरोबर नोव्हेंबरमध्ये इनॅक्टिव्ह करायचं असेल, तर तसंही करता येतं. स्थिती बदलायचा अर्ज कधीही देता येतो, मात्र चक्राच्या सुरुवातीखेरीज केला तर प्रक्रियेची वेगळी फी पडते. घरी पूर्णवेळ शुश्रूषा करावी लागणार असेल आणि दोन वर्षांत ४० तास होणारच नाहीत हे आत्ताच दिसत असेल, तरच हा मार्ग घ्या.

इनॅक्टिव्हच्या दोन अटी लोकांच्या नजरेतून सुटतात. पहिली: सलग दोन चक्रांपेक्षा जास्त काळ इनॅक्टिव्ह राहिलात आणि त्या दरम्यान दुसरीकडे कुठे परवान्यावर काम करत नसाल, तर नुसत्या तासांवर भागत नाही, कामाची पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते. त्यासाठी परीक्षाही लागू शकते. तुम्ही या सप्टेंबरपासून इनॅक्टिव्ह झालात, तर तुमची रेषा ३० सप्टेंबर २०३० ही आहे. आईवडिलांसाठी गेलेल्यांची तीन वर्षं सहज पाच होतात, त्यामुळे ही तारीख लिहून ठेवाच. दुसरी: इनॅक्टिव्हवरून ॲक्टिव्ह केलं की एक संपूर्ण चक्र ॲक्टिव्ह काढल्याशिवाय पुन्हा इनॅक्टिव्ह करता येत नाही. मध्येच सहा महिने येऊन काम करून परत जाऊ, असा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या. आणि इनॅक्टिव्ह लायसन्सचंही दर दोन वर्षांनी रिन्यूअल असतं. ते चुकलं तर तेही डेलिंक्वेंट होतं. लायसन्स इथेच गमावलं जाऊ शकतं, कारण वाटतं एकदा इनॅक्टिव्ह केलं की विसरून जायला हरकत नाही.

रिटायर्ड स्थिती घेताना फी कमी लागते, पण परत फिरताना रिटायर्ड असलेल्या सगळ्या चक्रांची ॲक्टिव्ह रिन्यूअल फी भरावी लागते. परत यायचा विचार असलेल्यांसाठी ती नाही.

निघण्याआधीची कामं आता क्रमाने. २०२४ ते २०२६ या चक्राचे ४० तास सीई ब्रोकरवर (हे तास नोंदवण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) पूर्ण दिसताहेत ना, ते ऑगस्टमध्येच तपासा. आयोजकाने नोंद केलेली नसेल, तर प्रमाणपत्र मागून स्वतः नोंद करा. दोन वर्षांनी तो आयोजक सापडेलच असं नाही. सगळ्या प्रमाणपत्रांच्या पीडीएफ स्वतःच्या खात्यात ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही.

आरोग्य विभागाच्या ऑनलाइन पोर्टलचा, सीई ब्रोकरचा आणि नॅबचा ईमेल कंपनीचा असेल, तर राजीनामा द्यायच्या आधी बदला. ॲडमिनिस्ट्रेटर मंडळींचा हा अगदी नेहमीचा घोटाळा: शेवटच्या दिवशी आयटीवाले ईमेल बंद करतात, आणि पासवर्ड बदलायची लिंक त्याच ईमेलवर जाते. अमेरिकन मोबाइल नंबरही स्वस्तातल्या प्लॅनवर चालू ठेवा. बँकेचा आणि खात्यांचा ओटीपी त्यावरच येतो.

पत्त्याचं काम याहून महत्त्वाचं. इनॅक्टिव्ह झालात तरी बोर्डाचा शिस्तभंगाचा अधिकार संपत नाही. तुमच्या कारकिर्दीतल्या एखाद्या घटनेची तक्रार तुम्ही पुण्यात असताना येऊ शकते, आणि विभागाकडे नोंदलेल्या पत्त्यावर साध्या टपालाने पाठवलेली नोटीस कायद्याने पुरेशी मानली जाते. नोटीस मिळाली नाही हे म्हणणं तिथे टिकत नाही. भारतातला पत्ता देण्यापेक्षा रोजचं टपाल उघडून बघेल आणि फोटो पाठवेल अशा विश्वासाच्या माणसाचा अमेरिकेतला पत्ता द्या.

बोटांचे ठसे. १ जुलै २०२५ पासून फ्लोरिडात आरोग्यक्षेत्रातल्या सगळ्या परवानाधारकांना लेव्हल २ तपासणी (ठशांवरून राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या गुन्हे-नोंदी बघणं) लागू झाली आहे. ज्यांचं लायसन्स आधीचं आहे, त्यांनी त्या तारखेनंतरच्या पहिल्या रिन्यूअलपर्यंत ती करायची आहे. तुमचं ते रिन्यूअल म्हणजे हेच, सप्टेंबर २०२६ चं. लाइव्हस्कॅन, म्हणजे ठशांचं इलेक्ट्रॉनिक स्कॅन, तिथे असतानाच उरका. भारतातून शाईचे ठसे कार्डावर घेऊन पाठवण्यात महिने जातात, आणि ठसे पुसट आले तर कार्ड परत येतं. क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे राज्याच्या तपासणी-नोंद प्रणालीत, ठसे ५ वर्षं ठेवले जातात, म्हणजे तुमच्या परतीपर्यंत ते असतील. मात्र नोकरीत ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, की पुन्हा तशा जागेवर रुजू होताना राष्ट्रीय तपासणी नव्याने होते. ती परत आल्यावर नवा मालक करून घेईल.

फॅसिलिटीतून बाहेर पडताना ॲडमिनिस्ट्रेटर बदलल्याची लेखी सूचना फॅसिलिटीने राज्याला वेळेत दिली ना, हे बघा. केंद्राच्या नियमानुसार बदल होतो त्याच वेळी ती द्यायची असते. तिची प्रत मागून घ्या. ती गेली नाही, तर पुढच्या सर्व्हेतही (सरकारी तपासणीतही) कागदोपत्री जबाबदार तुम्हीच दिसता. इनॅक्टिव्ह झाल्यावर पुण्यातून "फक्त सही करून द्या" अशी विनंती आली, तर नाही म्हणा. सल्लागार म्हणून काम करता येईल, पण रोजच्या कारभाराचे निर्णय आणि ॲडमिनिस्ट्रेटर हे पद दोन्हीपासून लांब राहा.

ग्रीन कार्डावर असाल, तर त्याचं घड्याळ वेगळं चालतं. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर रीएन्ट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि तो जास्तीत जास्त २ वर्षांचा मिळतो. तीन वर्षांचा बेत त्यात बसत नाही. लायसन्स जपलं आणि कार्ड गेलं, असं होऊ देऊ नका.

पुण्यातून तास करताना नॅबची मान्यता असलेले कार्यक्रमच घ्या. फ्लोरिडातलं दुपारी १ चं वेबिनार पुण्यात उन्हाळ्यात रात्री १०:३० ला आणि हिवाळ्यात ११:३० ला सुरू होतं. किती तास घरबसल्या चालतात आणि कोणते विषय सक्तीचे आहेत, हे सीई ब्रोकरवर तुमच्या चालू चक्राच्या यादीत दिसतं. आधी ती यादी बघा, मग पैसे भरा. विषय निवडताना सर्व्हे आणि पेमेंट यांना प्राधान्य द्या. एमडीएसमधले (रहिवाशांच्या प्रकृतीच्या ठरावीक मूल्यमापन-फॉर्ममधले) बदल बहुधा १ ऑक्टोबरला लागू होतात. नियम किती लवकर फिरतात याचं उदाहरण म्हणजे मनुष्यबळाचा नियम: मे २०२४ मध्ये दर रहिवाशामागे रोज शुश्रूषेच्या ३.४८ तासांचा किमान दंडक जाहीर झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. दोन वर्षं कुणी वाचलं नाही, तर मुलाखतीत ते लगेच उघडं पडतं.

पुण्यात असताना हे लायसन्स वापरता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह. तिथे १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली संस्थेची नोंदणी होते, ॲडमिनिस्ट्रेटरचं वैयक्तिक लायसन्स नसतं. वृद्धाश्रम किंवा असिस्टेड लिव्हिंगमध्ये तुमच्या अनुभवाला नक्की मोल आहे. बायोडेटात मात्र लायसन्सची खरी स्थिती लिहा. पण परत आल्यावर दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल, तर हा अनुभव सहसा धरला जात नाही. एन्डॉर्समेंटसाठी (दुसऱ्या राज्याच्या लायसन्सच्या आधारे लायसन्स द्यायला) राज्यं परवान्यावर केलेलं अलीकडचं काम बघतात. फ्लोरिडाचाही नियम तसाच आहे.

इनॅक्टिव्ह केलं असेल, तर परतीच्या चार महिने आधी सुरुवात करा. आधी तास पूर्ण करून सीई ब्रोकरवर चढवा, मग पोर्टलवर स्थिती बदलायचा अर्ज, मग फी. नोंदी अपुऱ्या असताना अर्ज केला की तो अपूर्ण म्हणून परत येतो, आणि तुम्ही विमानात असताना उत्तराची मुदत चालू असते. नोकरीची ऑफर घ्या, पण रुजू व्हायची तारीख राज्याच्या लायसन्स शोधात तुमच्या नावापुढे क्लिअर, ॲक्टिव्ह असं दिसेपर्यंत पक्की करू नका. फी भरल्याची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. त्या पानाची तारखेसह प्रत काढा आणि पहिल्या दिवशी एचआरला द्या.