बरणी, डबा आणि करवंटीतली सक्युलंट : वाचकांचे प्रश्न

आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी माळ्यावर सापडली. तिच्यात सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारं झाड) लावायचं आहे, पण भोक पाडायला मन धजत नाही. तळाशी खडे घातले तर चालेल का? (सांगली)

बरणीला भोक पाडू नका आणि खड्यांवरही विसंबू नका. खडे घातले की पाणी त्यांत उतरतं आणि मुळं कोरडी राहतात, असं बरेच जण सांगतात. प्रत्यक्षात वरची बारीक माती पुरती चिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या खड्यांत उतरतच नाही. म्हणजे खड्यांमुळे चिंब मातीचा थर फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. त्यात बरणीला चकचकीत लेप असतो, त्यामुळे मातीच्या कुंडीसारखी बाजूंनीही ओल सुटत नाही.

यावर उपाय सोपा आहे. रोप भोकं असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या कुंडीत वाढवा आणि ती कुंडी बरणीच्या तोंडात बसवा. तिचा काठ बरणीच्या काठावर टेकेल असं माप निवडा, म्हणजे ती आत पडणार नाही. पाणी घालताना कुंडी बाहेर काढा, पूर्ण निथळू द्या, मग परत ठेवा. मातीचा बरणीशी संबंधच येत नसल्याने आत मुरलेल्या मिठाचीही काळजी उरत नाही.

टवका उडालेल्या कपाला किंवा वाडग्याला मात्र खुशाल भोक पाडा. त्यासाठी डायमंड बिट, म्हणजे ड्रिलला लावायचं हिऱ्याची पूड बसवलेलं टोक, लागतो. ड्रिल हळू चालवा, हॅमर मोड (ठोके देत फिरणं) बंद ठेवा आणि भोकाच्या जागी थोडं थोडं पाणी सोडत राहा, नाहीतर कप तडकतो.

पावसाळा लागला की एचेवेरियाची पानं पारदर्शक होऊन गळतात. मी तर आठवड्यातून एकदाच पाणी देते. काय चुकतं? (डोंबिवली)

आठवड्याचा हिशेबच सोडा. सक्युलंट दिवसा पानांची रंध्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात, तेव्हाच त्यांच्यातून पाणी बाहेर जातं. कोकणपट्टीत जुलैच्या रात्रीही हवा दमट असते. झाड पाणी ओढत नाही, माती वाळत नाही, आणि तुमचं पुढच्या आठवड्याचं पाणी त्याच ओल्या मातीत पडतं. मुळं तिथेच कुजतात. पानांवर हे दिसतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

जून ते सप्टेंबर कुंडी पावसाच्या माऱ्यातून आत घ्या, पण उजेडात आणि वाऱ्यात ठेवा. काडी तळापर्यंत खुपसून बघा. ती ओलसर निघाली, तर पाणी नाही. या दिवसांत दोन-तीन आठवडे पाणी दिलं नाही तरी झाडाचं काही बिघडत नाही.

माती हलकी हवी. एक भाग बागेची माती, एक भाग चाळलेली जाड वाळू आणि एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या, वर मूठभर गांडूळखत. नर्सरीतून रोप नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) आलं असेल तर ते आधी झाडून काढा, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं.

आणखी एक सांगावंसं वाटतं. एचेवेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, थंड रात्रींची सवय असलेली. पुणे-नाशिकची हवा तिला मानवते, डोंबिवलीत तिला जपत बसावं लागतं. त्यापेक्षा सॅन्सेव्हिएरिया (स्नेक प्लांट), हॉवर्थिया, कोरफड ही सक्युलंट लावा. ही झाडं तुम्हाला निराश करणार नाहीत.

तेलाच्या पत्र्याच्या डब्यात जेड लावलं आहे. उन्हाळ्यात पानं सुरकुततात. (नागपूर)

पत्रा तापतो आणि आत मुळं भाजतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना डबा दुपारच्या उन्हात ठेवूच नका. सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन पुरे. डब्याला बाहेरून पांढरा रंग द्या, किंवा तो मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरा. पाणी संध्याकाळी द्या.

भोकं पाडताना खिळा आतून बाहेर ठोका. बाहेरून ठोकलं की पत्र्याची कड आत वळते आणि तिच्याभोवती पाणी साचून राहतं. गंजाला घाबरू नका, झाडाला त्याचा त्रास नाही. डबा मात्र काही पावसाळ्यांनी झिजेल. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नका.

नारळाच्या करवंटीत कोणतं झाड टिकेल? (रत्नागिरी)

पानापासून नवी रोपं करायला करवंटी उत्तम आहे. जेडचं पान देठाशी अख्खं तोडा, तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, मग ओलसर वाळूवर नुसतं ठेवा. पानफुटीला तर पानाच्या कडांवरच रोपं फुटतात. तीनपैकी एक डोळा आधीच मऊ असतो, तो खिळ्याने मोकळा केला की पाण्याला वाट झाली. करवंटी कालांतराने कुजते, तेव्हा मोठी झालेली रोपं कुंडीत हलवा. घरात मांजर-कुत्रा किंवा दारात शेळी असेल तर पानफुटी उंचावर टांगा, ती जनावरांना विषारी आहे.

कपांखालच्या बशांमुळे डास होतात अशी सोसायटीत तक्रार आहे. (पुणे)

तक्रार रास्त आहे. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. बशी भरून ठेवण्याची सक्युलंटला गरजच नाही. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. अंडी बशीच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा ती घासून काढा. त्याच वेळी बरणीच्या तळाशीही पाणी साचलं नाही ना, हे बघून घ्या.