जुन्या छत्रीवर फुकट चॅनल

प्रश्न : डीटीएचचं रिचार्ज बंद केलंय. गच्चीवरची जुनी छत्री डीडी फ्री डिशला चालेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चालते. ६० सेंटिमीटरची छत्री आणि एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा) धड असेल तर फक्त फ्री डिशचा बॉक्स घ्या. मासिक भाडं नाही. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. सांगलीतून तोंड आग्नेयेला. छत्री एका वेळी बोटभरच सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा. टीव्हीवरच्या सिग्नलच्या दोन पट्ट्यांपैकी बघायची ती ‘क्वालिटी’; ‘स्ट्रेंथ’ छत्री भलतीकडे असली तरी भरलेली दिसते, आणि इथेच बहुतेकांची दुपार जाते! क्वालिटी आली की नट आळीपाळीने आवळा, नाहीतर शेवटच्या पिळाला छत्री हलते. वायरच्या टोकाला हिरवट गंज असेल तर तेवढं कापून नवा कनेक्टर लावा.