टायटेनियम खडकात येतं कुठून?

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतलं इल्मेनाइट हे टायटेनियमचं खनिज बेसाल्टच्या झिजेतून आलं, असं वाचलं. केरळात चवरा इथल्या वाळूत मात्र इल्मेनाइटबरोबर रुटाइल हे टायटेनियमचं दुसरं खनिजही मिळतं आणि ते रूपांतरित खडकांतून आलं म्हणतात. खडक दाबला-तापला की त्यात टायटेनियम बाहेरून येतं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सहसा नाही. ते खडकात आधीपासूनच असतं, पण विखुरलेलं. टायटेनियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून खडक झिजून गाळ झाला तरी ते गाळातच राहतं. रूपांतरणात बदलतो तो त्याचा मुक्काम.

केरळचा खोंडालाइट हा रूपांतरित खडक घ्या. मूळचा हा चिकणमातीचा गाळ. तो जमिनीत खोल गेला, तसं त्यातलं बरंचसं टायटेनियम काळ्या अभ्रकात सामावलं. साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि अभ्रक टिकेना. त्यातून गार्नेट हे खनिज आणि ग्रॅनाइटसारखा शिलारस तयार झाला. या दोन्हींत टायटेनियम फारसं मावत नाही, त्यामुळे त्याचे वेगळे दाणे झाले : कुठे इल्मेनाइटचे, कुठे रुटाइलचे. तुमच्याकडचं इल्मेनाइट या वाटेने गेलंच नाही, ते लाव्हा थिजतानाच तयार झालं.

यातलं दाबाचं काम मला फार विलक्षण वाटतं. वर्गात ते शिकवताना मी नेहमी नॉर्वेतल्या एंगेब्यो डोंगराचं उदाहरण देत असे. तिथे मुळात इल्मेनाइट असलेला गॅब्रो, म्हणजे जमिनीखाली थिजलेला बेसाल्टसारखा खडक होता. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी दोन खंडांच्या टकरीत तो खोल दाबला गेला आणि त्याचा एक्लोजाइट हा रूपांतरित खडक झाला. एवढ्या दाबाखाली गार्नेट जोमाने वाढतं आणि वाढताना लोह ओढून घेतं. इल्मेनाइट हे लोह आणि टायटेनियम यांचं ऑक्साइड. त्यातलं लोह गार्नेटात गेलं की मागे उरतं टायटेनियम डायऑक्साइड, म्हणजेच रुटाइल! शुद्ध इल्मेनाइटात टायटेनियम डायऑक्साइड ५३ टक्क्यांच्या आसपास असतं, रुटाइल जवळजवळ सगळंच त्याचं. कारखान्यात लोह वेगळं काढायला केवढा खटाटोप करावा लागतो, ते काम इथे गार्नेटने केलं.

खडक पुन्हा वर येताना हीच क्रिया उलटूही शकते. सूक्ष्मदर्शकाखाली रुटाइलच्या तांबूस-तपकिरी दाण्याभोवती इल्मेनाइटची काळी कड दिसली, तर दाब उतरल्याची ती चांगली खूण. पाणी आणि कॅल्शियम मिळालं असेल, तर त्याही बाहेर टायटेनाइट या कॅल्शियम-टायटेनियमच्या खनिजाची कड येते.

चवऱ्याच्या वाळूचा नमुना एखाद्या महाविद्यालयात पाहायला मिळाला, तर भिंगातून सिलिमनाइटचे रंगहीन, लांबट दाणे शोधा. चिकणमातीचा गाळ दाबला-तापला की हे खनिज तयार होतं, बेसाल्टात ते तयार होत नाही. रत्नागिरीची वाळूही शेजारी ठेवून पाहिलीत, तर दोन्हींचं मूळ वेगळं आहे हे तुमचं तुम्हालाच दिसेल.