टीएमटी नॉर्मल आहे तरी हार्टचा सीटी करावा का? प्लाक पाहून अटॅक येणार की नाही हे आधीच कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतो की वय ४६, वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता, तुमची टीएमटी (पट्ट्यावर पळवून ईसीजी काढतात ती) आणि टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) नॉर्मल, कोलेस्टेरॉल बॉर्डरला, खर्रा (सुपारी-तंबाखू) कधीमधी, आणि आता मित्र म्हणून राहिला की सरळ सीटी अँजिओ (डाय टोचून हार्टच्या नळ्यांचा फोटो) करून टाक म्हणजे डोक्याचा ताप गेला. वरून नवरा-बायको पॅकेजमधे सूट पण आहे. मी डॉक्टर नाही, नागपूरच्या धंतोलीत सीटी टेक्निशियन आहे, रोज हेच मशीन चालवतो, त्यामुळे मशीन काय दाखवते आणि लोक त्यातून काय अर्थ काढतात हे दोन्ही पाहून राहिलो.

पहिले हे की छातीत आत्ता दुखत असेल किंवा चढ चढताना दाटून येत असेल तर हे वाचत बसू नका, ईसीजीला जा. खालचं सगळं काहीच त्रास नसलेल्या माणसासाठी आहे.

अटॅक येईल की नाही, कधी येईल, हे कोणतंच मशीन सांगत नाही भाऊ. हार्टला रक्त नेणाऱ्या नळीच्या भिंतीत रोग, म्हणजे प्लाक नावाचा चरबीचा थर, किती साठला आहे ते दिसतं, आणि त्यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज नुसत्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा बराच चांगला बांधता येतो. पण त्यासाठी तुम्हाला अँजिओ नको, साधा कॅल्शियम स्कोर पुरतो, म्हणजे त्याच नळ्यांत कॅल्शियम किती जमला ते मोजणारा बिनडायचा सीटी.

टीएमटी नॉर्मल म्हणजे नळ्या साफ, असं नसतं. पळताना हार्टला रक्त कमी पडतं का एवढंच ती पाहते, आणि ते कमी पडायला नळी चांगलीच, साधारण ७० टक्के वगैरे, अरुंद व्हावी लागते. प्लाक आधी भिंतीत बाहेरच्या बाजूला फुगतो, ग्लागोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९८७ मधे दाखवलं होतं की नळीच्या आतली साधारण ४० टक्के जागा प्लाकनी भरेपर्यंत आतला रस्ता तेवढाच राहू शकतो. आणि अटॅक बऱ्याचदा अशाच बिनत्रासाच्या प्लाकला चीर पडून, त्यावर गुठळी बसून येतो. म्हणून फुटाळा तलावावर रोज राउंड मारणारा माणूस टीएमटी पास होऊन पण आजारी पडतो आणि सगळे म्हणतात, अरे याला तर काहीच नव्हतं.

कॅल्शियम स्कोरला इंजेक्शन नाही, छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावायच्या, दहाएक सेकंद श्वास रोखायचा, झालं. त्या दिवशी चहा-कॉफी टाळा कारण ठोके वाढले की फोटो हलतो. रेडिएशन साधारण १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतं त्याहून कमी. अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० मधे ही मोजणी आणली, १३० हाऊन्सफील्डच्या (सीटीतलं घनतेचं माप) वरचा प्रत्येक पांढरा ठिपका धरायचा, त्याचं क्षेत्रफळ गुणिले घनतेचा १ ते ४ आकडा, आणि सगळ्यांची बेरीज. जखमेवर खपली धरावी तसा प्लाकमधे हळूहळू कॅल्शियम जमतो, म्हणून पांढरं दिसलं म्हणजे रोग तिथे आधीपासून मुक्कामाला आहे.

अमेरिकेच्या मेसा अभ्यासात साडेसहा हजारांवर लोकांचा स्कोर काढून त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. २००८ मधे निकाल आला की शून्यवाल्यांच्या मानाने १०१ ते ३०० वाल्यांना हार्टचा धोका पावणेआठ पट, ३०० च्या वर साडेनऊ पटीहून जास्त. ऐकून धडकी भरते पण हे 'पट' आहेत, ३०० वाल्यांपैकी बहुतेकांना त्या काळात काहीच झालं नाही. आणि मेसामधे गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, आपले नव्हते. आपल्याकडे अटॅक लवकर येतो, २००४ च्या इंटरहार्ट या अनेक देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांच्या पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्यांचं त्याच्या पाचेक वर्ष पुढे.

आता स्कोर शून्य आला तर? चांगलं आहे, पण पार्टी करू नका. कमी वयात प्लाक मऊ असतो, कॅल्शियम धरलेला नसतो, तो या टेस्टमधे दिसतच नाही. २०१८ च्या अमेरिकन गाइडलाइनमधे मधल्या धोक्याच्या माणसाला शून्य आला तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) सध्या सुरू न करता थांबता येतं असं आहे, पण शुगर, सिगारेट किंवा घरात लवकर अटॅकचा इतिहास असेल तर ही सवलत नाही. वडिलांचं ५२ म्हणजे तुम्ही त्यात बसता. १०० च्या वर किंवा तुमच्या वयाच्या लोकांमधे वरच्या पंचवीस टक्क्यांत आला तर स्टॅटिनकडे कल. ४६ व्या वर्षी ४० स्कोर म्हणजे दिसायला छोटा पण वयाच्या मानाने जास्तच.

माझं मत विचाराल तर ज्याला डॉक्टर गोळी द्यायची म्हणून राहिले आणि तो टाळून राहिला, त्याच्यासाठी ही टेस्ट सोन्याची. स्वतःच्या नळीतला पांढरा डाग स्क्रीनवर पाहिला की खर्ऱ्याची पन्नी खिशातून बाहेर पडते, हे मी पाहिलंय. पण रिपोर्ट काहीही आला तरी तुम्ही गोळी घेणारच असाल किंवा घेणारच नसाल तर पैसे वाचवा, त्यापेक्षा रक्तात एकदा लिपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) करून घ्या, ते आईबापाकडूनच येतं.

आणि दरवर्षी स्कोर 'उतरला का' पाहायला येऊ नका बाप्पा! स्टॅटिननी प्लाक घट्ट होतो, त्यात कॅल्शियम वाढतो, म्हणजे गोळी काम करून राहिली आणि स्कोर वर गेला. लोक घाबरून गोळीच बंद करतात.

सीटी अँजिओ त्रासवाल्यांसाठी जास्त कामाची. त्यात मऊ प्लाक दिसतो, २०२० मधे स्कॉटलंडच्या स्कॉटहार्ट अभ्यासवाल्यांनी दाखवलं की असा कमी घनतेचा प्लाक नळीच्या एकूण आकारमानाच्या ४ टक्क्यांच्या वर असेल तर अटॅकची शक्यता जवळपास पाच पट. पण तिथे डाय द्यावा लागतो, क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) पाहावं लागतं, ठोके साठच्या आसपास आणायला गोळी आणि नळ्या रुंद व्हायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. सिल्डेनाफिलसारखी (वियाग्रा) गोळी घेत असाल तर आधी सांगा, बीपी धाडकन पडतं, आणि बायको बाजूला असली की कोणी बोलत नाही म्हणून मी हा प्रश्न एकट्यालाच विचारतो. शिवाय कॅल्शियम जास्त असला की फोटोत ब्लॉकेज आहे त्याहून मोठा वाटतो. काही त्रास नसताना फोटोतला ५० टक्के ब्लॉकेज पाहून कोणी लगेच स्टेंट म्हटलं तर दुसरं मत घ्या, २०२० च्या इस्केमिया ट्रायलमधे ५ हजारांवर स्थिर पेशंटमधे स्टेंट-बायपासनी गोळ्यांपेक्षा मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत.

वहिनींचं म्हणाल तर ४२ वय, बीपी-शुगर नाही, घरात कोणाला अटॅक नाही, त्यांना सूट आहे म्हणून सीटीत झोपवू नका. लिपिड, शुगर, बीपी करा, आणि बाळंतपणाच्या वेळी बीपी किंवा शुगर वाढली होती का ते डॉक्टरांना नक्की सांगा, त्यानी पुढे हार्टचा धोका वाढतो आणि ते कोणी विचारत नाही.