दाढ काढण्याची भीती आणि भुलीचे पर्याय

प्रश्न : माझे वय ५२ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. किडलेली दाढ काढायची आहे. परंतु खुर्चीत बसताच हातापायांना कापरे भरते आणि दोनदा मी तशीच परत आले. पूर्ण भूल देऊन दाढ काढता येईल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : येईल, परंतु एका दाढेसाठी पूर्ण भुलीची सहसा गरज नसते. हिरडीवर आधी बधिर करणारे जेल लावून लिग्नोकेन या तेवढीच जागा बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन सावकाश दिले, तर टोचणेही फारसे जाणवत नाही. दाढ काढताना दाब आणि ओढ मात्र कळते, आणि घाबरलेला रुग्ण त्यालाच वेदना समजतो. हे आधी न सांगणे ही आम्हा डॉक्टरांचीच चूक.

एवढ्याने धीर येत नसेल, तर नाकावरील मास्कमधून नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण देता येते. रुग्ण जागा असतो, बोलतो, पण अंग सैलावते, आणि शेवटी काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला की परिणाम ओसरतो. सर्दीने नाक चोंदले असेल, तर मात्र त्या दिवशी हा उपाय व्यर्थ.

शिरेतून दिलेल्या मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाने गुंगी अधिक येते व नंतर फारसे आठवत नाही. त्यासाठी प्रशिक्षित भूलतज्ज्ञ आणि सहसा ६ तासांचा उपवास हवा. नंतर लोकलने एकटीने घरी जाऊ नये. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात आपण चौकशी करू शकता.